चेत्तीची पांढरी माळ

१

तुंपीचं बोट माझ्या हातात होतं, तेव्हाच फोन वाजला.

विजयादशमीची सकाळ होती. थाळीत तांदूळ पसरले होते, शेजारी दिवा तेवत होता आणि माझ्या मांडीवर आतिराची तीन वर्षांची मुलगी बसली होती. या दिवशी आमच्याकडे लहान मुलांना पहिलं अक्षर गिरवायला लावतात. ज्याच्या हातून गिरवायचं तो माणूस घरचे विचार करून ठरवतात, कारण तो मुलाचा पहिला गुरू. आतिरानं मला निवडलं होतं. तिरुवनंतपुरमच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढल्यावरही असा मान मला कुणी दिला नव्हता, आणि मला तो आवडला होता.

अक्षर अर्धं झालं होतं. अर्धवट सोडू नये म्हणून मी ते पुरं केलं. तोवर आतिरा फोनवर बोलून परत आली होती.

"टीचर, कालवा पांढरा झालाय."

तिच्या हातातला फोन अजून चालू होता. त्यातून ती काम करते त्या चिनीमातीच्या कारखान्याचे मॅनेजर कुरियन बोलत होते.

"मॅडम, ऐकताय ना? तुमच्या त्या औषधानं दुधाची नदी वाहवलीय. सगळं पाणी भातात शिरलंय. संध्याकाळी पंचायतीची माणसं येणार आहेत. चूक कुणाची, कुणाला काढलं, हे मला त्यांना सांगावं लागेल. माझ्याकडे सध्या एकच नाव आहे."

ते नाव त्यांनी उच्चारलं नाही. आतिरानं तुंपीच्या बोटाला चिकटलेले तांदळाचे दाणे पुसले आणि पिशवी उचलली.

"मी येते तुझ्याबरोबर," मी म्हणाले.

२

कारखाना शहरापासून तासाभरावर, लाल टेकडीच्या पायथ्याशी आहे. टेकडीतून चिनीमाती काढतात, धुतात, वाळवतात. धुतलेलं पाणी एका मोठ्या गोल टाकीत निवळतं, तिला थिकनर म्हणतात. वरचं स्वच्छ पाणी कालव्यातून गावच्या भातशेतीला जातं.

या मातीचे कण फार बारीक असतात. सगळ्यांवर एकाच जातीचा विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि दिवसेंदिवस तरंगत राहतात. पूर्वी कुरियन तिथे तुरटी घालत. आतिरानं पॉलिमर आणलं, आणि त्याच्या चाचण्यांसाठी मी अधूनमधून तिथे जात होते. पॉलिमरचा रेणू म्हणजे अतिशय लांब धागा. तो एका कणाला चिकटतो, पुढे दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. असे कण बांधले जाऊन त्यांची गुठळी होते आणि ती तळाला बसते. धागा लांब हवा आणि बेताचा हवा. जास्त झाला तर प्रत्येक कणाभोवती इतके धागे बसतात की शेजाऱ्याला धरायला रिकामी जागाच उरत नाही, आणि पाणी आणखी गढूळ होतं. प्रयोगाचा हा शेवटचा महिना होता. तो पार पडला की आतिराची नोकरी कायम होणार होती. नवरा शारजाहून हात हलवत परतल्यापासून घर तिच्याच पगारावर चाललं होतं.

गाडीत ती एकदाच बोलली. "अष्टमीला दुपारी मी स्वतः द्रावण केलं, टीचर. बोटानं तार बघितली. हातभर आली."

थिकनरच्या कठड्याशी तीन माणसं उभी होती. कुरियन लुंगीसारखं मुंडू दुमडून, छत्री काखेत घेऊन. टाकी चालवणारा भार्गवन, जो नजर वर करत नव्हता. आणि विलासिनी, माती पांढरी करणाऱ्या विभागाची वरिष्ठ केमिस्ट. खादीची साडी, कपाळावर चंदनाची आडवी रेघ. आतिरा कॉलेजातून थेट तिच्या हाताखाली आली होती आणि तिला चेची, म्हणजे मोठी बहीण, म्हणायची. टाकीतलं पाणी ताकासारखं दिसत होतं.

"या टीचर," विलासिनी मला म्हणाली. मग आतिराकडे वळली. "झालं का तुंपीचं अक्षर?"

"झालं चेची."

"छान. चांगला हात मिळाला तिला."

यात वावगं काही नव्हतं. तरी आतिरानं मान खाली घातली.

"सकाळी कोण होतं इथे?" मी विचारलं.

"ही नव्हती. बाईसाहेब सुट्टीवर," कुरियन म्हणाले. "विलासिनी होती. पूजा उचलली, यंत्रं सुरू केली आणि पाणी पांढरं झालं."

"मग काय केलंत?"

"डोस वाढवला," भार्गवन जमिनीकडे बघत म्हणाला. "फरक पडेना म्हणून आणखी वाढवला."

आतिरानं तोवर नव्या पोत्यातून वेगळ्या पिंपात ताजं द्रावण करायला घेतलं होतं. ते तयार व्हायला वेळ लागला. दुपारी तिनं ते थिकनरच्या पाण्यात सोडलं आणि आम्ही सगळे कठड्यावर ओणवलो.

पाणी होतं तसंच राहिलं.

"बघा," कुरियन म्हणाले. "आता तर तिच्याच हातचं, तिच्याच डोळ्यांदेखत. आणखी काय बघायचं राहिलं?"

३

आतिरा प्रयोगशाळेत स्टुलावर बसली होती. मी दोन उंच काचनळ्या घेतल्या. एकीत थिकनरचं पाणी भरलं, दुसरीत खाणीतून आलेली ताजी माती साध्या पाण्यात कालवली. दोन्हींत तिचं ताजं द्रावण सारखंच टाकलं आणि नळ्या हलकेच उलट्यासुलट्या केल्या.

दुसऱ्या नळीत लगेच बर्फ पडल्यासारख्या गुठळ्या उतरू लागल्या. वरचं पाणी इतकं स्वच्छ झालं की पलीकडचं कॅलेंडर वाचता आलं. पहिली नळी पांढरीच राहिली.

"म्हणजे माझं द्रावण चांगलं आहे," आतिरा सावकाश म्हणाली.

"पोतंही चांगलं, मातीही चांगली. मग थिकनरमधल्या कणांनाच काय झालंय?"

तिनं क्षणभर विचार केला. "त्यांच्यावर आधीच काहीतरी बसलंय. नव्या धाग्याला धरायला जागा नाही."

"सकाळपासून त्यांच्यावर काय सोडलं?"

उत्तर द्यायच्या आधीच ती उठली होती.

द्रावणाची टाकी थिकनरच्या मागे पत्र्याच्या छपराखाली होती. झाकणाच्या कडीवर चंदन आणि कुंकू लावलेलं होतं. कारखान्यातल्या प्रत्येक यंत्रावर ते होतंच. अष्टमीला संध्याकाळी पूजा मांडली की अवजारं देवीपुढे ठेवायची आणि दशमीला सकाळी पूजा उचलेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. नवमीला आमच्याकडे शाळेतली पोरंसुद्धा पुस्तक उघडत नाहीत आणि त्यात त्यांची कसलीच तक्रार नसते.

आतिरानं तळाशी उरलेल्या द्रावणात दोन बोटं बुडवली आणि वर उचलली. चांगल्या पॉलिमरची तार गुळाच्या पाकासारखी ओढली जाते. हिच्या बोटांवरून नुसते थेंब टपकले.

"पाणी," ती म्हणाली. "साधं पाणी झालंय याचं. टीचर, मी गेले तेव्हा असं नव्हतं."

धागे तुटले होते. आखूड तुकडे कणांवर बसतात, पण दोन कणांना बांधू शकत नाहीत. नुसती जागा अडवतात. आणि भार्गवननं सकाळपासून हेच तुकडे दुप्पट, चौपट सोडले होते.

मी वाकून वास घेतला. विझलेल्या आगकाडीचा वास येत होता, अगदी पुसट.

"पंपाची गाळणी उघड," मी म्हणाले.

गाळणीत केळीच्या पानाचा तुकडा अडकला होता. वाहून आलेला पालापाचोळा असता तर मी फेकून दिला असता. पण हा तुकडा सुरळीसारखा वळलेला होता आणि नारळाच्या हिरानं नीट टाचलेला होता. कुणीतरी हातानं द्रोण केला होता.

४

कुरियन ऑफिसात चहा पीत होते. मला बघून त्यांनी दुसरा पेला मागवला.

"नवमीला तुम्ही इथे आला होतात," मी म्हणाले. दरवानाकडून ते कळलं होतं.

"आलो होतो. तुरटीवाला जोसफ बरोबर होता. मी ख्रिस्ती माणूस, मला कसली नवमी? आणि हो, तुरटी परत आणायची माझी इच्छा होतीच. लपवत नाही." त्यांनी पेला खाली ठेवला. "मॅडम, वीस वर्षं तुरटी घालून मी हा कालवा वाहता ठेवला. कुणी येऊन फोटो काढला नाही. ही पोरगी आली, शहरातून तुम्ही आलात, पेपरात छापून आलं. जळलो मी. पण जळतो म्हणून काय स्वतःचा कारखाना बंद पाडीन?"

"समजा, द्रावणात काही पूड टाकायची आहे. तुम्ही कशानं टाकाल?"

"हा काय प्रश्न? पळीनं. डब्यातच असते."

"पळ्या, तराजू, हत्यारं, सगळं कँटीनमध्ये देवीपुढे होतं."

"मग कँटीनमधून उचलली असती. दार उघडंच असतं. देवी काय मला ओरडणार होती?"

त्यांच्या या बेफिकिरीवर माझा विश्वास बसला. अशा माणसाला पानाचा द्रोण वळत बसायचं कारण नव्हतं.

बाहेर पायरीवर भार्गवन वाट बघत होता. मी येताच उठला. "साहेबांनीच केलं ना? त्यांना कुठला नेमधर्म. नवमीला जीप इथेच होती."

"भार्गवन, प्रत्येक यंत्रावर माळ आहे. चेत्तीची, तांबड्या फुलांची. वाळल्यात, पण आहेत. द्रावणाच्या टाकीवर फक्त चंदन आहे. तिथली माळ कुठे गेली?"

त्यानं मुंड्याचं टोक मुठीत धरलं.

"गळून पडली असेल."

"तू काढलीस."

तो माझ्याजवळ सरकला. मग आवाज उतरवून म्हणाला, "माझ्यामुळेच झालंय टीचर हे सगळं. नवमीला माझ्या वाफ्याचा बांध फुटला. पाणी वाहून चाललं होतं. मी फावडं उचललं. दुसऱ्या कुणी बघितलं नाही, पण देवीनं बघितलं. सकाळी पूजा उचलायला गेलो तर टाकीवरची माळ..."

"काय झालं होतं तिला?"

"पांढरी पडली होती. सगळीकडच्या माळा वाळून काळपट लाल, आणि तेवढीच पांढरी. रक्त शोषून घेतल्यासारखी."

"कुणाला दाखवलीस?"

"छे. माडाच्या बुंध्याशी पुरली. आणि बघा, तिनं शिक्षा कुठे केली? पांढरं पाणी आधी माझ्याच वाफ्यात शिरलं."

"चल," मी म्हणाले. "उकरून दाखव मला."

५

माळ आतिराच्या टेबलावर होती. मातीनं माखलेली, पण पाकळ्या खरोखरच फिकट, जुन्या कागदाच्या रंगाच्या. झाकणाच्या फटीजवळची फुलं सगळ्यात पांढरी, वरच्या अंगाची थोडी गुलाबी.

मी कँटीनमधून एक ताजं लाल फूल आणलं. बाटलीत पाण्याचे थेंब आणि माती पांढरी करायच्या पुडीची चिमूट टाकली, फूल दोऱ्यानं आत टांगलं आणि बूच लावलं. त्या पुडीला तिथे सगळे हायड्रोस म्हणतात. ती मातीतला लोखंडाचा पिवळेपणा काढते. ओली झाली की तिचा वायू फुलांचा रंगही उडवतो. आणि पॉलिमरच्या द्रावणात पडली तर हवेतल्या प्राणवायूच्या साथीनं रात्रभरात लांब धाग्यांचे तुकडे करते.

आम्ही बाटलीसमोर बसून राहिलो. पाकळ्यांच्या कडा हळूहळू फिक्या झाल्या.

"हायड्रोस," आतिरा म्हणाली. "पण त्याची छपरी कधीच बंद नसते. कुणीही घेऊ शकतं."

"घेऊ शकतं. पण ज्यानं घेतलं त्यानं पळी घेतली नाही, कारण पळी देवीपुढे होती. पान तोडलं, द्रोण केला. झाकण उचललं तेव्हा माळही काढली नाही. पूजा उचलेपर्यंत माळ काढायची नसते. म्हणून ती वायूवर राहिली."

"म्हणजे कुरियन सर नाहीत."

"नाहीत. भार्गवनही नाही. त्याचं शेत पहिलं आहे कालव्यावर. आणि ज्या माळेनं तो एवढा घाबरला ती आपणच बिघडवली असती, तर ती कशी पांढरी पडली हे त्याला ठाऊक असतं. नवमीला संध्याकाळी इथे आणखी कोण होतं?"

"मी. तुंपीला दिवे दाखवायला आणलं होतं." ती थांबली. "आणि चेची. दिवा लावायचा मान दरवर्षी तिचाच असतो."

मी पानाचा द्रोण तिच्यापुढे सरकवला.

"नाही टीचर," आतिरा म्हणाली. "तुम्हाला माहीत नाही. तार बघायला मला चेचीनं शिकवलं. पहिल्या दिवशी माझ्या डावीकडे उभी राहून माझी दोन बोटं धरून द्रावणात बुडवली तिनं. मला बाळंतपणात ताप आला तेव्हा तुंपीला तिनं आठवडाभर सांभाळलं."

"तार बघायला तिनं शिकवलं," मी म्हणाले. "आज सकाळी दोन तास टाकी तिच्या ताब्यात होती. तिनं तार बघितली का?"

आतिरा दाराकडे गेली आणि भार्गवनला हाक मारली. प्रश्न तिनंच विचारला.

"नाही बघितली," भार्गवन म्हणाला. "मी म्हटलं, चेची, एकदा बोट घालून बघू का? ती म्हणाली, राहू दे, डोस वाढव. मी म्हटलं, जास्त झालं तर आणखी गढूळ होईल असं तुम्हीच सांगता. तर म्हणाली, सांगितलं तेवढं कर."

बाटलीतलं फूल आता पांढरं झालं होतं. आतिरा ते बघत उभी राहिली. मग म्हणाली, "तुम्ही जा टीचर. मला तिला विचारता येणार नाही."

६

विलासिनी तिच्या विभागात वाळत घातलेल्या मातीच्या वड्या उलटत होती. दुसऱ्या कुणाला करायला सांगता आलं असतं, पण ती स्वतः करत होती. मी पानाचा द्रोण तिच्यासमोरच्या फळीवर ठेवला.

तिनं त्याच्याकडे बघितलं. वडी खाली ठेवली, हात पुसले.

"हीर उलटा टाचला गेला," ती म्हणाली. "घाईत होते."

तिनं नाकारलं असतं तर मला बोलणं सोपं गेलं असतं. मी उभीच राहिले.

"बसा टीचर." तिनं स्टूल पुढे केलं. "टीचर! गंमत आहे बघा. आठ वर्षं मी शिकवलं. मी चेची. तुम्ही वर्षातून चारदा येता, तुम्ही टीचर."

"आतिराची नोकरी जाणार होती."

"नव्हती जाणार. मी वाचवली असती." तिचा आवाज चढला नाही. "मला वाटलं, पाणी जरासं गढूळ होईल. कुरियन ओरडतील. ती घाबरून मला फोन करील, चेची, काय करू म्हणून विचारील. मी म्हणेन, थांब, आलेच. मग दोघी मिळून निस्तरू. पहिल्या वर्षी असंच व्हायचं. रोज काहीतरी बिघडायचं आणि रोज ती माझ्याकडे धावत यायची. आता काही बिघडतच नाही."

"मग डोस का वाढवायला लावलात?"

"कारण फोन आला नाही मला. कुरियननी तिला कळवलं, आणि तिनं काय केलं? विचारलं का मला एका शब्दानं? तुम्हाला गाडीत घालून निघाली. भार्गवननं येऊन सांगितलं, शहरातल्या टीचरला घेऊन येतायत. तेव्हा मी म्हटलं, वाढव. होऊ दे आणखी पांढरं. त्यांना निस्तरू दे." तिनं वड्यांवरची पूड उगाच झटकली. "भार्गवनच्या वाफ्याचा विचार मी केला नाही. तेवढं वाईट केलं."

"फक्त तेवढं?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"तुंपी सहा महिन्यांची होती. चोरूण झालं, पहिला घास मीच भरवला. तेव्हा आतिरा सगळ्यांसमोर म्हणाली, अक्षरही चेचीच्याच हातून. अडीच वर्षं मी ते धरून बसले. मी लग्न केलं नाही, मूल नाही. मला कुणी असं काही देऊ केलं नव्हतं. नवमीला संध्याकाळी मी दिवा लावत होते. ती आली आणि म्हणाली, चेची, उद्या आम्ही शहरात जातोय, टीचरांच्या घरी. दरवानाला उद्या उशिरा येईन म्हणून सांगावं ना, तसं. विसरली होती ती. मुद्दाम केलं असतं तर बरं वाटलं असतं मला."

आतिरानं मला विचारलं होतं तेव्हा मी एवढंच म्हणाले होते, आनंदानं. तिथे आधी कुणी होतं का, हे मी विचारलं नव्हतं.

"मला माहीत नव्हतं," मी म्हणाले.

"ते मला ठाऊक आहे. त्याचाच तर राग आला." ती उठली. पदर खोचला. "पंचायत आली का?"

"येतायत."

"मग चला. तुम्ही काही सांगू नका. मी सांगते. तुमच्याकडून ऐकायची माझी तयारी नाही."

७

कँटीनमध्ये पंचायतीची माणसं बाकांवर बसली होती. सकाळच्या पूजेतले अवल, म्हणजे पोहे, आणि गूळ अजून पानावर होते, त्यांना कुणी हात लावला नव्हता. कुरियन उभे राहून सुरुवात करणार तोच विलासिनी पुढे झाली.

"द्रावणात हायड्रोस मी टाकलं," ती म्हणाली. "आतिराचं काम बरोबर होतं. ते औषध चांगलं आहे."

"का टाकलंस बाई?" पंचायतीचे म्हातारे सदस्य खरोखरच न कळून विचारत होते.

"हेवा," ती म्हणाली. एवढं एकच.

कुरियननी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. दुपारी आपणही हेच म्हणालो होतो, हे त्यांना आठवलं असावं. मग त्यांनी जे करायचं ते केलं. विलासिनीला घरी जायला सांगितलं, वाफ्यांची भरपाई कारखाना देईल असं कबूल केलं, आणि आतिराचं नाव त्या बैठकीत पुन्हा निघालं नाही.

जाताना विलासिनी भार्गवनपाशी थांबली. आतिरा चार पावलांवर उभी होती. तिच्याकडे न बघता ती म्हणाली, "थिकनर रिकामा करा. ते पाणी आता लगेच कशानंही बसायचं नाही, त्यावर वेळ घालवू नका. जुन्या खड्ड्यात सोडा, थोडी तुरटी घाला, महिन्याभरानं निवळेल. नवी माती भरा आणि मग नवं द्रावण. कमी. आधी कमी, मग बघून."

"तार बघायची ना चेची?" भार्गवननं विचारलं. त्यात टोमणा नव्हता, नेहमीचा प्रश्न होता.

"बघायची," ती म्हणाली आणि फाटकाकडे गेली.

आतिरा हलली नाही. "मी तिला म्हटलं होतं, टीचर," ती पुटपुटली. "पहिल्या घासाला. आत्ता आठवलं. गाडीत बसून येताना नाही, तुम्ही तिच्याकडे जायला निघालात तेव्हा." मग, फाटकाकडे बघत, "तिनं एकदा आठवण करून द्यायची होती."

"तुला आठवायला हवं होतं," मी म्हणाले. माझ्या बाजूचं काय ते मी मनात ठेवलं.

दोन दिवसांनी मी पुन्हा गेले. थिकनर धुऊन नव्या मातीनं भरला होता. भार्गवननं यंत्राला नवी माळ घातली होती, त्याच्या हिशोबानं देवीशी त्याचं मिटलं होतं. कुरियन छत्री काखेत घेऊन लांब उभे होते, बघत नसल्यासारखे.

आतिरानं द्रावण सोडलं. थोडं, मग थांबून आणखी थोडं. गुठळ्या धरू लागल्या, खाली उतरू लागल्या. वरचं पाणी काठापासून मोकळं होत गेलं आणि त्यात तिच्या निळ्या साडीचं प्रतिबिंब दिसू लागलं. भार्गवन हसला. कुरियन "हं" म्हणाले आणि चहाला गेले.

तिनं टाकीच्या द्रावणात दोन बोटं बुडवून वर उचलली. तार हातभर आली, न तुटता, उन्हात चमकत. ती तार तशीच धरून आतिरानं दाखवायला डावीकडे मान वळवली.

मी उजवीकडे उभी होते. डावीकडे कुणी नव्हतं.

तार मधोमध बारीक झाली आणि तुटली. तिनं बोटं साडीला पुसली.